पिवळी टॅक्सी आणि हलता कॅमेरा

३० ऑक्टोबर २०२३ या दिवसापासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी अधिकृतपणे धावेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला आयुष्य २० वर्षांचं. म्हणजे हिशेब सरळ होता; निरोपाची तारीख २० वर्षं आधीच ठरलेली होती. तरीही धावत्या पद्मिनीचं आतून-बाहेरून, इंजिनाच्या घरघरीसकट, निवांतपणे केलेलं चित्रीकरण बघायचं म्हटलं तर काय आठवतं? हिंदी-मराठी चित्रपटांत ती शेकडो वेळा दिसते. पण नायिकेला स्टेशनवर सोडण्यापुरती. दार लागलं, हात हलला, गाडी चौकटीबाहेर गेली! गाडीकडे गाडी म्हणून बघायला कुणाला सवड होती?

तीच वेळ आता कोलकात्याच्या पिवळ्या अ‍ॅम्बॅसिडरवर आली आहे. कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात १९५७ पासून बनत आलेली ही गाडी मे २०१४ मध्ये बंद झाली. गंमत म्हणजे, आदल्याच वर्षी बीबीसीच्या ‘टॉप गिअर’नं तिला जगातली सर्वोत्तम टॅक्सी ठरवलं होतं. सत्कार झाला आणि पाठोपाठ दुकानाला कुलूप लागलं! पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहनं कोलकात्याच्या रस्त्यावर नकोत, असा तिथल्या उच्च न्यायालयाचा २००८ चा आदेश आहे. हाच नियम टिकला, तर अगदी शेवटच्या वर्षी बनलेली टॅक्सी धरली तरी गणित २०२९ पर्यंत येऊन संपतं. त्याआधीही दरवर्षी शेकडो गाड्या भंगारात जाणारच.

तेव्हा समजा, मुंबई-पुण्याकडचं चार-पाच जणांचं एक छोटं युनिट निघालं आहे. शहराशहरांतून फिरायचं, तिथल्या गाड्या टिपायच्या आणि दूरचित्रवाणीसाठी तेरा भागांची मालिका करायची. पैसा बेताचा, मुक्काम दोन-दोन दिवसांचा. हावड्याला गाडीतून उतरून मंडळी पोहोचतात गार्डन रीचला. अशा युनिटच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास निघतो तो म्हणजे, कॅमेरा कुठला घ्यायचा? आणि त्याचं उत्तर बहुतेकदा जाहिरातीतले आकडे वाचून दिलं जातं. कुणी म्हणतं ४के पुरे, कुणी म्हणतं ८के शिवाय पुढच्या दहा वर्षांत कुत्रं विचारणार नाही. खरं तर हा प्रश्न दुकानात सुटत नाही. तो रस्त्यावर सुटतो, आणि तोही प्रवासातल्या सगळ्यात अवघड रस्त्यावर.

गार्डन रीच तसा रस्ता आहे. कोलकात्याच्या नैर्ऋत्येला, हुगळीच्या काठावरचा हा भाग. समोरच्या तीरावर शिबपूरचं प्रसिद्ध वनस्पती उद्यान. अवधचा पदच्युत नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कोलकात्याला आला, त्यानं इथल्या मटियाब्रुजमध्ये आपलं छोटं लखनौ वसवलं आणि १८८७ मध्ये तो इथंच वारला. आज मटियाब्रुज ओळखलं जातं ते तयार कपड्यांच्या घाऊक बाजारासाठी. घरोघरी शिवणयंत्रं चालतात. शेजारी खिदिरपूरची आणि नेताजी सुभाष गोदी, दक्षिण-पूर्व रेल्वेचं मुख्यालय आणि युद्धनौका बांधणारा गार्डन रीच शिपबिल्डर्स हा सरकारी कारखाना. स्वतंत्र भारतात बांधलेली पहिली युद्धनौका ‘आयएनएस अजय’ १९६१ मध्ये इथूनच नौदलात गेली. अशा या मुलखात कंटेनर ओढणारे अजस्र ट्रेलर, कापडाच्या गाठोड्यांनी लादलेल्या सायकल-व्हॅन, रिक्षा, शाळेची पोरं आणि त्यातून वाट काढणारी पिवळी अ‍ॅम्बॅसिडर!

म्हणजे पडद्यावर हवं ते सगळं एकाच रस्त्यावर. आणि कॅमेऱ्याला नको ते सगळंही त्याच रस्त्यावर: धूळ, नदीकाठची दमट हवा, डोळे दिपवणारं ऊन, वळलं की लगेच चिंचोळ्या गल्लीतला अंधार, माणसांची गर्दी आणि हाकेच्या अंतरावर संरक्षण खात्याची भिंत.

जुनाच खटाटोप

धावत्या गाडीवर कॅमेरा बसवणं ही काही आजची हौस नाही. १९६६ च्या ‘ग्राँ प्री’ या चित्रपटात जॉन फ्रँकनहायमर यांनी ६५ मिलिमीटर फिल्मचे भलेमोठे पॅनाव्हिजन कॅमेरे चक्क शर्यतीच्या गाड्यांवर बांधले होते. ऑस्ट्रेलियातल्या बाथर्स्टच्या शर्यतीत १९७९ मध्ये धावत्या टोयोटा सेलिकामधून थेट प्रक्षेपण झालं, तेव्हा प्रेक्षकांना पहिल्यांदा ड्रायव्हरच्या शेजारी बसल्यासारखं वाटलं. आणि आज कुणाच्याही हेल्मेटवर दिसणारा तो आगपेटीएवढा कॅमेरा? निक वुडमन या लाटांवर फळी चालवणाऱ्या तरुणानं २००४ मध्ये विकायला काढलेला पहिला गोप्रो साध्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या रोलवर चालायचा आणि मनगटाला बांधायचा होता!

बंगालनं तर गाडीला नायकच केलं. ऋत्विक घटक यांच्या ‘अजांत्रिक’मध्ये (१९५८) मोडकी शेवरोलेट ‘जगद्दल’ आणि तिच्यावर जीव टाकणारा ड्रायव्हर बिमल ही जोडी आहे. सत्यजित राय यांच्या ‘अभिजान’मध्ये (१९६२) सौमित्र चटर्जी जुनी क्रायस्लर चालवतात. त्या काळी हाताशी होतं ते जड यंत्र आणि मोजकी फिल्म. त्यामुळे प्रत्येक दृश्याआधी विचार करणं भाग पडायचं. आजच्या युनिटकडे फिल्मचा खर्च नाही, म्हणून विचारालाही सुट्टी मिळते. आणि परत येऊन बघावं तर तासन् तास हलणारी, तिरकी, थरथरणारी चित्रं.

विजेचे खांब वाकतात कसे?

तिरकी का, ते समजून घेतलं की निम्मी निवड आपोआप होते. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांतला सेन्सर अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही; वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो ते वाचत जातो. या वाचनाला समजा सेकंदाचा पन्नासावा भाग लागला. ताशी ३६ किलोमीटरनं जाणारी गाडी तेवढ्या वेळात २० सेंटिमीटर पुढे सरकते. म्हणजे टपाची ओळ वाचली तेव्हा गाडी एका जागी आणि चाकाची ओळ वाचली तेव्हा दुसऱ्या जागी! पडद्यावर गाडी तिरकी दिसते. गाडीबरोबर कॅमेरा फिरवला तर गाडी सरळ राहते, पण मागचे विजेचे खांब नारळाच्या झाडासारखे झुकतात. यावर उपाय दोन: ओळी फार वेगानं वाचणारा सेन्सर किंवा सगळं चित्र एकदमच टिपणारा. दुसऱ्या प्रकाराला ग्लोबल शटर म्हणतात. औद्योगिक आणि काही सिने कॅमेऱ्यांत तो आधीपासून होता. सोनीनं २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर केलेल्या ‘ए ९ थ्री’मुळे तो नेहमीच्या मोठ्या सेन्सरच्या स्थिरचित्रण कॅमेऱ्यात आला.

पण जुने टेपवाले कॅमेरे याबाबत बरे होते, असं म्हणून हळहळण्याचं कारण नाही. त्यांच्यातल्या सीसीडी सेन्सरवर रात्री समोरून हेडलाइट आला की चित्रात वरपासून खालपर्यंत उभी पांढरी रेघ पडायची. त्याआधीच्या नळीवाल्या कॅमेऱ्यांत तर दिव्यामागे धूमकेतूसारखं शेपूट यायचं. प्रत्येक पिढीच्या कॅमेऱ्याचं गाडीशी आपापलं भांडण आहे.

आता गार्डन रीचचा हिशेब मांडू. इथं गाडी ३६ नं कुठली जायला! बाजाराच्या दिवशी १२ चा वेग म्हणजे चैन. १२ च्या वेगाला तेच तिरकेपण २० वरून सात सेंटिमीटरच्याही खाली येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणजे महामार्गासाठी ज्या गुणावर सगळा पैसा ओतला, त्याचा या रस्त्यावर उपयोग नाही. याच्या उलट, उभ्या गाडीत चालू असलेलं इंजिन! अ‍ॅम्बॅसिडरचं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं की अख्खा सांगाडा थरथरतो. गाडीला घट्ट बांधलेल्या, ओळी सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यात ती थरथर जेलीसारखी लहरते. म्हणजे वेगवान सेन्सर इथंही हवा, पण वेगासाठी नव्हे, थरथरीसाठी. दुकानात हे कुणी सांगत नाही.

चाकांची गंमत वेगळीच. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ चित्रं. चाकाचा घेर दोन मीटर आणि त्याला पाच आरे असं धरलं, तर ताशी ३६ किलोमीटरला चाक सेकंदाला पाच फेरे घेतं, म्हणजे दर चित्रामागे फेऱ्याचा बरोबर पाचवा भाग. एका आऱ्याच्या जागी पुढचा आरा येतो आणि पडद्यावर चाक थांबलेलं दिसतं! वेग जरा कमी झाला की ते उलटंच फिरू लागतं. हल्लीच्या चकचकीत मिश्रधातूच्या चाकांना हा दोष फार दिसतो. अ‍ॅम्बॅसिडरच्या चाकावर मात्र साधी गोल वाटी. आरे नाहीत, भानगड नाही. पिवळ्या टॅक्सीचं हेही एक सौजन्य.

त्या २५ चित्रांवरून आणखी एक सूचना, आणि ती सगळ्यांत स्वस्त आहे. छोटे कॅमेरे आणि फोन पेटीतून काढल्यावर बहुधा सेकंदाला ३० चित्रांवर लावलेले असतात. मुख्य कॅमेरा २५ वर, गाडीतला छोटा ३० वर, असं झालं की संकलनाच्या टेबलावर रडारड सुरू होते. चालत्या गाडीचं दृश्य ठेचकाळल्यासारखं दिसतं. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं तर ते लपतं. साठाव्या भागावर ठेवलं, तर मटियाब्रुजच्या दुकानांतले दिवे पडद्यावर उघडझाप करतात. सगळे कॅमेरे मुंबईतच एका टेबलावर मांडून एकसारखे लावून घ्यावेत. यासाठी एक संध्याकाळ आणि दोन चहा एवढाच खर्च आहे.

ऊन, काच आणि भिंत

शटर पन्नासाव्या भागावर अडकवलं की दुसरी अडचण उभी राहते ती उन्हाची. दुपारच्या उन्हात, आयएसओ ८०० वर, एवढा वेळ उघडा राहणारा कॅमेरा चित्र पार पांढरं करतो. लेन्सचं छिद्र एफ ५.६ ठेवायचं तर प्रकाश १२८ पट कमी करावा लागतो. त्यासाठी काळसर काच लावतात, तिला एनडी फिल्टर म्हणतात. आता रस्त्याचा विचार करा: टॅक्सी उन्हातून गल्लीत शिरली, काच काढा, बाहेर आली, काच लावा. लेन्सच्या तोंडावर फिरकीनं काच बसवेपर्यंत टॅक्सी खिदिरपूरला पोचलेली असते! म्हणून ज्या कॅमेऱ्याच्या पोटातच एनडीची सोय आहे आणि बोटानं ती बदलता येते, तो इथं दुप्पट सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा जास्त कामाचा. अ‍ॅरीच्या ‘अमिरा’मध्ये अशी सोय होती, सोनीच्या २०२० च्या ‘एफएक्स ६’मध्ये तर बटण फिरवून काच हळूहळू गडद करता येते. निवडीची एकच अट घालायची झाली तर ही घालावी. ८के वगैरे नंतर.

टॅक्सीच्या पुढच्या काचेवर आकाश उमटतं आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसत नाही. त्यावर पोलरायझर लावतात. काचेच्या लंबापासून साधारण ५५ अंशांच्या कोनात तो उत्तम काम करतो, समोरून मात्र फारसा नाही. पण तो निम्म्याहून अधिक उजेड खातो आणि कधीकधी बाजूच्या कडक केलेल्या काचांवर ठिपक्यांची नक्षी उठवतो. ती नक्षी एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. तेव्हा आधी गाडी सावलीत घेऊन बघावी. सावलीपुढे निम्मे फिल्टर पाणी भरतात.

आता ती भिंत. गोदी आणि युद्धनौकांचा कारखाना यांच्या आसपास कॅमेरा काढणं हा हौसेचा मामला नाही. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा अजून लागू आहे आणि त्यात प्रतिबंधित जागांची व्याख्या चांगली ऐसपैस आहे. टॅक्सीच्या मागे सहज म्हणून क्रेन आणि जहाजाचा सांगाडा आला, तर तो ‘सुंदर पार्श्वभूमी’ राहत नाही. रस्त्यासाठी पोलिसांची आणि बंदराच्या हद्दीसाठी बंदर प्रशासनाची लेखी परवानगी घेऊनच निघावं, आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठं वळवायचं नाही हे नकाशावर आधीच लाल पेन्सिलीनं काढावं. ड्रोनचा विचार तर इथं सोडलेलाच बरा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आखलेले आहेत, आणि २५० ग्रॅमच्या आतलं यंत्र आहे म्हणून लाल पट्ट्यात शिरता येत नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातला एक अनुभव बोलका आहे. ‘टॉप गिअर’चा लवाजमा भारतात आला होता. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे यांनी जुनी रोल्स रॉइस, मिनी आणि जॅग्वार घेऊन मुंबईपासून हिमालयापर्यंत प्रवास केला; मुंबईत डबेवाल्यांशी शर्यतही लावली. २०११ च्या डिसेंबरअखेरीस तो भाग दाखवला गेला. चित्रीकरण देखणं होतं. पण त्यातल्या चेष्टेवरून भारतीय उच्चायुक्तालयानं बीबीसीकडे जाहीर तक्रार नोंदवली. परवानगी मागताना एक सांगितलं आणि पडद्यावर दुसरंच दाखवलं, असा नाराजीचा सूर होता. मोठी संस्था असली वादळं पचवते. चार जणांच्या युनिटला पुढच्या शहरात परवानगी मिळेनाशी होते.

शिवाय प्रश्न फक्त सरकारी कागदाचा नाही. मटियाब्रुजच्या अरुंद गल्ल्यांत दारं उघडी असतात, आत बाया-माणसं शिवत बसलेली असतात. खांद्यावर तोफेएवढा कॅमेरा घेऊन कुणी शिरलं की काम थांबतं, पोरं जमतात, कुणी तोंड फिरवतं. हाताच्या पंजात मावणारा कॅमेरा घेऊन, आधी विचारून, चहा घेऊन गेलेला माणूस तिथं तासभर शांतपणे काम करू शकतो. लहान कॅमेरा म्हणजे लपवून चित्र घेण्याची सोय, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. लहान कॅमेऱ्यानं गल्ली अडत नाही, एवढाच त्याचा गुण.

बांधायचं कुठं?

मग शेवटी यादी काय होते? खांद्यावर किंवा मांडीवर घेता येईल असा, पोटात एनडी असलेला आणि वेगानं वाचणारा एक मुख्य कॅमेरा, त्याला एकच चांगली झूम लेन्स. गाडीला बांधायला दोन छोटे कॅमेरे, दोन्ही एकाच कंपनीचे, म्हणजे रंग जुळतात आणि बॅटऱ्या अदलाबदल करता येतात. बस्स. मुख्य कॅमेरा विकत घेण्याचा मोह टाळावा. तेरा भागांच्या मालिकेसाठी तो भाड्यानं घेणंच शहाणपणाचं, आणि कोलकात्यात टॉलीगंजसारखी स्टुडिओंची वस्ती असताना तो मुंबईहून वाहून नेण्याचंही कारण नाही. छोटे मात्र स्वतःचे असावेत, कारण ते मार खातात.

अ‍ॅम्बॅसिडरला कॅमेरा बांधणं हे एक सुख आहे. हल्लीच्या गाड्या म्हणजे साबणाची वडी. हात घालायला जागा नाही. हिच्या टपाच्या कडेला पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हळ आहे, शिकंजा तिथं पक्का बसतो. टपावर सामानाचा कॅरियर असेल तर सोन्याहून पिवळं. रबरी चोषकाची, म्हणजे सक्शन कपाची, भिस्त मात्र जपून ठेवावी. टॅक्सीवर रंगाचे थरावर थर चढलेले असतात. चोषक गाडीला धरून राहतो आणि रंगच गाडीला सोडतो! शिवाय उन्हात तापला की त्याची हवा हळूहळू सुटते. दर थांब्याला दाबून बघावं, आणि काहीही झालं तरी दुसऱ्या टोकाला तारेनं बांधलेलं असावं. शाळा सुटलेल्या रस्त्यावर बॉनेटवरून उडालेला कॅमेरा म्हणजे मग फक्त कॅमेऱ्याचं नुकसान राहत नाही. ड्रायव्हरची नजर अडेल अशा जागी तर काहीच बांधू नये, मग दृश्य कितीही बहारदार दिसो. खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून शूटिंग करणाऱ्या ‘धाडसी’ कॅमेरामनला मागच्याच सीटवर बसवावं.

छोट्या कॅमेऱ्याचं एक गुपित आहे. त्यात चित्र स्थिर करणारी यंत्रणा असते आणि ती चालू असली की सगळं छान, असा समज असतो. गाडीच्या आत नेमकं उलटं घडतं. ती यंत्रणा कॅमेऱ्याचं हलणं मोजते आणि चित्र बाहेरच्या जगाशी स्थिर ठेवायला बघते. मग खिडकीबाहेरचा रस्ता शांत आणि ड्रायव्हर, स्टिअरिंग, आरशाला लटकवलेली माळ हे सगळं भूत लागल्यासारखं नाचतं. गाडीत घट्ट बांधलेल्या कॅमेऱ्याची ही यंत्रणा बंद करावी. मुख्य कॅमेऱ्याला खिडकीत टेकायला कापडी पिशवी न्यावी. प्रवासात ती रिकामीच ठेवायची, मुक्कामी पोचल्यावर वाण्याकडून दोन किलो हरभरे घेऊन भरायची. कोणत्याही महागड्या यंत्राइतकी ती थरथर शोषते, आणि काम संपल्यावर हरभऱ्याची उसळ होते.

हवेचा बंदोबस्त वेगळा. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा काढून थेट हुगळीकाठच्या दमट हवेत नेला की लेन्सवर धुकं धरतं, आणि ते पुसून जात नाही. बॅग न उघडता अर्धा-पाऊण तास बाहेर राहू द्यावी. सकाळी सहाचा उजेड हवा असेल तर कॅमेरा रात्री वातानुकूलनाशिवायच्या खोलीत झोपवावा, माणसं कुठंही झोपोत. बॅटऱ्यांचंही तसंच: पुढचा मुक्काम विमानानं गाठायचा असेल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानात टाकता येत नाहीत, हातातच न्याव्या लागतात, १०० वॅट-तासांपर्यंतच्या चालतात, त्यापुढे १६० पर्यंतच्या नेण्यासाठी कंपनीची परवानगी लागते आणि त्याही दोनच. म्हणून आगगाडीनं फिरणाऱ्या युनिटनंही मोठ्या बॅटऱ्या न घेता शंभराच्या आतल्याच घ्याव्यात.

रात्रीचं काम सगळ्यांनाच नकोसं. सेकंदाला १०० मेगाबिट लिहिणारा कॅमेरा तासाला ४५ जीबी भरतो. तीन कॅमेरे, दिवसाला दोन-दोन तास, म्हणजे २७० जीबी. आणि त्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगांत. ८के घेतलं असतं तर हाच आकडा अनेक पटींनी वाढून माणसं पहाटे चारपर्यंत जागली असती आणि सकाळचा उजेड झोपेत गेला असता. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत झोपेचा रकाना नसतो.

टॅक्सीवाल्याशी बोलणी आदल्या दिवशीच करावीत. कोलकात्याच्या टॅक्सीवाल्यांत बिहारकडचे पुष्कळ, त्यामुळे हिंदीवर भागतं. दिवसभराच्या धंद्याइतके पैसे आधी ठरवावेत, वर डिझेल वेगळं. “भैया, फक्त पाच मिनिटं” म्हणून तीन तास फिरवणं हा टीव्हीवाल्यांचा जुना रोग आहे. त्या माणसानं ती गाडी वीस-वीस ठिकाणी स्वतः दुरुस्त केलेली असते. कुठला खडखडाट कशाचा हे त्याला न बघता कळतं. त्याला गाडीत बसवून हे बोलायला लावलं, तर निम्मा भाग तिथंच तयार होतो. मात्र त्यासाठी कॅमेऱ्यातल्या इवल्याशा माइकवर विसंबून चालणार नाही, त्याच्या सदऱ्याला वेगळा माइक लावावा.

आवाजाची ही बाब सगळ्यांत शेवटी आठवते, आणि गाडीच्या चित्रीकरणात तीच निम्मी बाजू असते. फ्रान्सच्या क्लोद ललूश यांनी १९७६ मध्ये पहाटेच्या पॅरिसमधून सुसाट धावणाऱ्या गाडीची आठ-नऊ मिनिटांची फिल्म केली. कॅमेरा बांधला होता मर्सिडीजला, कारण तिची चाल मऊ. पण पडद्यावर ऐकू येते ती फेरारी! तिचा आवाज वेगळा मुद्रित करून वर चढवला होता. प्रेक्षक वर्षानुवर्षं फेरारीच समजत राहिले. पिवळ्या टॅक्सीच्या बाबतीत असली उसनवारी करता यायची नाही. ज्यांनी उभा जन्म तिच्यात प्रवास केला आहे ते पहिल्या गिअरलाच चोरी पकडतील. म्हणून शूटिंग आटोपल्यावर टॅक्सी गोदीपासून लांब एखाद्या शांत गल्लीत न्यावी, सगळ्यांनी गप्प राहावं आणि एक माइक इंजिनाजवळ, दुसरा मागे धुराड्यापाशी धरून क्रमानं मुद्रण करावं: स्टार्टरची कण्हल्यासारखी सुरुवात, दोन मिनिटं नुसतं चालू इंजिन, पहिला गिअर, दुसरा गिअर, हॉर्न, वायपर, आणि चारही दारं एकेक करून जोरात लावल्याचा आवाज. मागचं डावं दार बहुधा दोनदा लावावं लागतं. तेही तसंच घ्यावं.